सतरा अंकांची एक संख्या : तिचे गुण आणि त्यांचे कारण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. परंतु कामधंदा बाजूला ठेवून आपण येथे आलात, यावरूनच ते महत्त्व आपणांस पटलेले आहे हे उघड आहे. म्हणून आजचा माझा वेळ मी एका संख्येला देणार आहे. विद्यार्थ्यांनी वही काढावी आणि पुढील आकडे लिहून घ्यावेत :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढत जावयाचे आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरावयाचे. उलटीकडून वाचली तरी संख्या तीच राहते. अंक मोजल्यास ते सतरा भरतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात एकं, दहं, शतं यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील सतरावे स्थान ‘मध्य’ नावाचे आहे. आपल्या संख्येचा पहिला अंक त्या स्थानावर बसतो. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर ही संख्या एकशे तेवीस कोटी कोटींच्या थोडी वर आहे. दर सेकंदास एक याप्रमाणे कोणी अखंड मोजू लागला तर त्यास सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील.

एवढी मोठी संख्या आली कोठून? नऊ वेळा एक लिहा : १११११११११. या संख्येस तिनेच गुणा. जो गुणाकार येतो तीच ही आपली संख्या होय.

अशा संख्यांचा ज्यांनी छंद घेतला ते गृहस्थ आपल्याच महाराष्ट्रातील एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. शिक्षण ठाण्यास व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२९ साली ते बी.एस्‌सी. झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे त्यांनी शाळेत शिकविले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुंबईपासून तीस मैलांवरच्या, त्या काळी जी.आय.पी. रेल्वेवर असलेल्या डेम्लो नावाच्या स्टेशनावर त्यांना काही विशेष संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही आपल्या संख्येची मालिका त्यांतलीच. तिला ते ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणत. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांनी त्यांवर लेख लिहिला. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले.

‘अद्भुत’ हा शब्द ऐकून आपण थांबलो तर गणित हाती लागत नाही. अद्भुताचे कारण विचारावे लागते. या संख्येचे कारण तर पाचवीच्या मुलालाही समजेल असे आहे. प्रथम लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो :

१११
१११०
१११००

एककांच्या रकान्यात एकच एक आहे, दशकांत दोन, शतकांत तीन, पुढे पुन्हा दोन आणि शेवटी एक. बेरीज १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात अशा नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. कोणत्या रकान्यात किती एक जमले एवढेच मोजावयाचे. उजवीकडून ते एक, दोन, तीन असे वाढत मधल्या रकान्यात नऊ होतात आणि मग कमी होत जातात. कोणत्याही रकान्यात नवापेक्षा जास्त एक जमत नाहीत, म्हणून हातचा येत नाही, म्हणून शिडी सरळ राहते. सारे रहस्य या एका वाक्यात आहे.

आता तिचे आणखी काही गुण पाहू. सर्व अंकांची बेरीज करा. एकापासून नवापर्यंत ४५ आणि उतरताना आठापासून एकापर्यंत ३६, मिळून ८१. आपली संख्या या ८१ ने निःशेष भागली जाते. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे गोड नाव दिले आहे. हर्षद म्हणजे आनंद देणारी. येथे भाग का जातो? १११११११११ मध्ये नऊ एक आहेत, त्यांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येस नवाने भाग जातो. मग तिच्या वर्गास नवाच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग गेलाच पाहिजे. मात्र हा गुण मालिकेतील प्रत्येक संख्येचा नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि १२१ ला चाराने भाग जात नाही.

१११११११११ ला नवाने भागून पाहा. उत्तर १२३४५६७९. यात आठ नाही! पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट जादू म्हणून सांगितली जाते. परंतु भागाकार कागदावर मांडला की आठ कोठे गेला ते दिसते. अकरात नऊ एकदा, बाकी दोन. एक खाली घेतला की एकवीस, भाग दोन, बाकी तीन. पुढे एकतीस, एक्केचाळीस असे करीत आपण एकाहत्तरावर येतो. तेथे भाग सात, बाकी आठ. एक खाली घेतला की एक्क्याऐंशी, आणि एक्क्याऐंशीत नऊ बरोबर नऊ वेळा जातात, बाकी शून्य. आठाची पाळी येण्यापूर्वीच हिशोब पुरा झाला. आठ हरवला नाही आणि कोणी पळवलाही नाही.

हीच १२३४५६७९ ही संख्या ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार आहे, आणि या दोन्ही मूळ संख्या आहेत. ३३३६६७ मूळ आहे की नाही हे पाहावयाचे तर ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून पाहावे लागते. त्यापुढे जाण्याचे कारण नाही, कारण ५७८ चा वर्ग ३३३६६७ पेक्षा मोठा आहे. तेव्हा आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव असे : तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. यावरून तिच्या विभाजकांची संख्या ५ × ३ × ३, म्हणजे ४५ येते.

येथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, “सर, एक ते नऊ यांची बेरीजही ४५ आहे. म्हणजे यातही काही नियम असणार!” शंका चांगली आहे. ती तपासण्यासाठी लहान उदाहरणाकडे जावे. १२३२१ चे अवयव तीनाचा वर्ग आणि सदतीसाचा वर्ग, म्हणून विभाजक ३ × ३ = ९. आणि एक, दोन, तीन यांची बेरीज सहा. जुळत नाही. तेव्हा ४५ चा मेळ हा केवळ योगायोग ठरला. ८१ चा मेळ मात्र कारणाने आलेला आहे. दोन्ही मेळ दिसावयास सारखेच सुंदर होते. कारण विचारल्यावाचून त्यांतील फरक कळला नसता.

आता माझ्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा. एक एक, दोन एक, तीन एक असे करीत नऊ एकांपर्यंत वर्ग काढले. नऊ वेळा शिडी बरोबर आली. दहा एकांचे काय होईल? नऊ वेळा खरे ठरलेले दहाव्यांदाही खरे ठरेल असे बहुतेकांना वाटेल. गुणाकार करून पाहिला तर उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

शिडी मोडली. उलटीकडून वाचल्यास संख्या तीच राहत नाही. कारण मधल्या रकान्यात आता दहा एक जमले. शून्य खाली राहिले आणि हातचा एक डावीकडे गेला. तेथील नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचा नऊ झाला आणि तेथे हातचा थांबला. ज्याने केवळ नमुना पाहिला होता तो दहाव्या पायरीवर फसला. ज्याला हातच्याचे कारण माहीत होते त्याला शिडी कोठे मोडणार हे गुणाकार करण्यापूर्वीच सांगता आले असते.

कापरेकरांचे दुसरे प्रसिद्ध संशोधन ६१७४ या संख्येचे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया करीत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. हे विधान आपण निःशंकपणे करतो, कारण चार अंकी संख्या मोजक्या आहेत आणि त्या सर्व तपासता येतात. सर्व उदाहरणे तपासणे हाही पुरावाच आहे. परंतु नऊ उदाहरणे पाहून दहावे गृहीत धरणे हा पुरावा नव्हे.

पालकहो, ही गोष्ट वहीपुरती राहत नाही. आपल्या गावांत ‘आकडा’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे काय येते, हे आपण सारे जाणतो. ज्या कापसावर आपले वऱ्हाड जगले, त्याच कापसाच्या भावांवरून हा खेळ निघाला, ही किती विचित्र गोष्ट आहे! न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे सुरुवातीचे आणि शेवटचे भाव मुंबईस येत आणि त्यांवर पैजा लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेथून आले. १९६० च्या दशकात ते भाव सुटले आणि मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. आता तर हा बेकायदेशीर खेळ मोबाइलवरून घरात शिरला आहे. त्यात पडलेली मुले मागच्या आकड्यांचे तक्ते जपून ठेवतात, त्यांत नमुना शोधतात आणि ‘अमुक आकडा इतके दिवस आला नाही, आता येणारच’ असे छातीठोकपणे सांगतात.

या मुलांना बुद्धी नाही असे कोणी म्हणू नये. नमुना शोधणे हे बुद्धीचेच काम आहे. त्यांना कोणी कारण विचारावयास शिकविले नाही, एवढाच त्यांचा दोष. आपण विचारू. चिठ्ठी प्रामाणिकपणे काढली असेल तर तिला कालची आठवण नसते, आणि शून्य ते नऊ या दहांपैकी प्रत्येकाची संधी रोज दहांत एकच असते. अप्रामाणिकपणे काढली असेल तर तक्ता मुळीच उपयोगाचा नाही. समजा, एका रुपयास नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे दहा गेले आणि नऊ आले. म्हणजे दहा रुपयांमागे एक रुपया खेळ चालविणाऱ्याचा पक्का आहे. रोज शंभर रुपये लावणाऱ्याचे सरासरीने रोज दहा, वर्षाकाठी ३६५० रुपये जातात. एवढ्या पैशांत एका मुलीच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघेल. हा हिशोब घरात मुलांसमोर एकदा मांडून दाखवा. केवळ रागावण्यापेक्षा तो अधिक काळ लक्षात राहील.

आता दुसरा प्रश्न. अनेक पालक म्हणतात, “यंत्रे आली, मोबाइल आला, मग मुलाने गुणाकार हाताने कशाला करावा?” आपली संख्या संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात टाकून पाहा. एक्सेल पंधरा अंकच राखते, म्हणून शेवटचे दोन अंक जाऊन तेथे शून्ये दिसतात : १२३४५६७८९८७६५४३००. यंत्र चूक झाल्याचे सांगत नाही. ती ओळखावयाची आपण. कशी? १११११११११ ही विषम संख्या आहे. विषमाचा विषमाशी गुणाकार विषमच येतो, तो शून्याने संपणार नाही. एवढा विचार करणाऱ्या मुलीला ही चूक एका नजरेत सापडेल.

जुने मुनीम नवाचा ताळा पाहत, तोही येथे उपयोगी पडतो. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक. म्हणून कोणत्याही संख्येस नवाने भागल्यास जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेस भागूनही उरते. खऱ्या उत्तराची बेरीज ८१, नवाने भाग जातो. यंत्राने दाखविलेल्याची बेरीज ७८, भाग जात नाही. चूक पकडली गेली. परंतु ताळ्याचीही मर्यादा लक्षात ठेवावी. शेवटच्या २१ च्या जागी कोणी १२ लिहिले तर बेरीज ८१ च राहील आणि ताळा जुळेल. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, आणि ताळा जुळला तर उत्तर बरोबर असण्याचा संभव आहे, इतकेच त्यावरून म्हणता येते. ज्यांची मुले पुढे बँकेत, दुकानात, जिनिंगमध्ये किंवा दवाखान्यात काम करणार आहेत, त्यांनी हा फरक मुलांच्या मनावर अवश्य ठसवावा.

“गणित आपल्या घराण्यात नाही” असेही मी पुष्कळ ठिकाणी ऐकतो. घराण्याचीच गोष्ट काढली तर ती पूर्ण सांगितली पाहिजे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी हिंदी अंकांच्या हिशोबावर ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’ हे नाव जगाने घेतले. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे. १५८७ साली अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी ‘लीलावती’ फारसीत आणली. पुढे १५९१ मध्ये हेच फैजी बादशहाचे वकील म्हणून आपल्या शेजारच्या खानदेशात व अहमदनगरच्या दरबारात आले होते. शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदी यांनी भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत उतरविले. त्याच अताउल्लांनी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा रचला. त्यांच्याबरोबर हंसपत राय यांचे नाव तेथील दरवाजावर कोरलेले आहे. आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. अकोल्याहून मुंबईस जाताना चाळीसगाव आपल्या वाटेवरच लागते. संस्कृत, अरबी, फारसी, मराठी अशा भाषांतून ही विद्या एकमेकांच्या हातून पुढे गेली. हातचा जसा एका रकान्यातून दुसऱ्यात जातो तसाच इल्मही जातो. तो वाटेत अडविला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मुलींच्या पालकांना एक नाव मुद्दाम सांगतो. मरियम मिर्झाखानी ही तेहरानची मुलगी, जन्म १९७७. गणितातील सर्वोच्च समजले जाणारे फील्ड्‌स पदक २०१४ साली तिला मिळाले. ते मिळविणारी ती जगातील पहिली स्त्री. २०१७ मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी ती वारली. दहावीनंतर मुलीचे गणित सोडविण्यापूर्वी हे नाव एकदा आठवावे. आपल्या घरातील मुलगी तेवढी मोठी गणिती होईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु वही मिटविली तर ती होणार नाही, हे मात्र आजच सांगता येते.

देवळालीच्या त्या मास्तरांजवळ प्रयोगशाळा नव्हती. कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न एवढ्या भांडवलावर त्यांनी काम केले. हे भांडवल अकोल्याच्या आणि अमरावतीच्या प्रत्येक घरात आहे. मुलाने पाढा बरोबर म्हटला की आपण शाबासकी देतो. त्याबरोबर “हे असे का होते?” एवढे विचारण्याची सवय ठेवावी. उत्तर आपणांस आले नाही तरी बिघडत नाही. प्रश्न घरात ऐकू आला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी जाण्यापूर्वी दोन उदाहरणे लिहून घ्या. पहिले : १२३४५६७९ ला ६३ ने गुणल्यास सगळे सातच का येतात? दुसरे : अकरा एकांचा वर्ग गुणाकार न करता, केवळ रकाने व हातचे मोजून लिहा, आणि मग गुणाकार करून ताळा पाहा. उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा. कारण मात्र तुमच्या स्वतःच्या शब्दांत लिहा. माझे आजचे बोलणे सार्थकी लागले की नाही, हे तुमच्या त्या दोन ओळींवरून ठरेल.